खुर्चीकडची बाजू

दूध उतू जाईल म्हणून सूनबाई गॅसपाशी खिळून उभी होती, आणि नेमकी तेव्हाच दारावर थाप पडली.

"बाबा, बघा हो कोण आहे. मी हलले की हे दूध डाव साधणार!"

दारात शोभेच्या माशांच्या दुकानातला माणूस, काखेत लांबट खोका. घरातल्या काचेच्या टाकीसाठी नवा दिवा घेऊन आला होता. सूनबाईनेच बोलावलं होतं त्याला.

बाबांचा सगळा जन्म सिनेमागृहाच्या दाराशी गेला. अंधारात बॅटरीचा झोत त्यांनी कुणाच्या तोंडावर मारला नाही. पावलांपुरता उजेड दाखवायचा आणि बाजूला व्हायचं. लोक त्यांना बॅटरीवालेच म्हणत.

ती टाकी बाबांच्या बायकोची. आतले नेचे, शेवाळ तिच्या हातचं. आणि एक न्यूट: दिसायला पालीसारखा, पण बेडकाच्या गोतातला, पाण्यात राहणारा. दिवसभर दगडाखाली दडणार, जेवायला तेवढा बाहेर येणार. म्हणून तिने त्याला जावईबापू नाव ठेवलं होतं. ती गेली, मागोमाग टाकीवरचा दिवाही गेला. बाबांनी तो बदललाच नाही. नेचे पिवळे पडून झडू लागले होते.

नवा दिवा लागला, टाकी लखलखली. जावईबापू सुळकन दगडाखाली.

"रुसले!" गॅस बंद करून आलेली सूनबाई हसली. "पण झाडं तरी जगतील. आईंच्या हातची आहेत, बाबा. तुम्ही का अडून बसला होता?"

बाबा काचेकडे पाहत राहिले. टाकीत अंधार असला की काचेत मागची खोली उमटायची. खिडकी, भिंत, वेताची खुर्ची. आणि दिवेलागणीला खुर्चीत बायको, चष्मा कपाळावर चढवून. मागे वळलं की खुर्ची रिकामी. म्हणून ते वळतच नसत. आता काचेत खोली नव्हती. नुसता हिरवा उजेड होता.

"मंद होतो का हा?"

"होतो की, काका. न्यूटला मंदच मानवतो. नेच्यांनाही पुरेल."

उजेड उतरला. काचेत खिडकी आली, भिंत आली. खुर्ची मात्र येईना.

दमलेली सूनबाई त्या खुर्चीत टेकू लागली.

"तिथे नको!"

बाबांचा आवाज इतका चढलेला तिने कधी ऐकला नव्हता. ती तशीच अर्धवट उभी राहिली. खुर्चीकडे पाहिलं, मग काचेकडे. हळूच बाजूला झाली.

बाबा दुकानवाल्याकडे वळले.

"झाडं पलीकडच्या अंगाला लावू, दिवाही तिकडेच सरकवा. खुर्चीकडची बाजू तेवढी अंधारात राहू द्या."