खाकऱ्याच्या पाकिटातली टरफलं

सुभानपुऱ्यातल्या त्या गुजराती सोसायटीत अंडं चालत नसे. अहल्याताईंच्या घरी ते शिजे, पण खिडक्या लावून. टरफलं खाकऱ्याच्या रिकाम्या पाकिटात भरून त्या पर्समध्ये घालत आणि लहरीपुऱ्याच्या बाजारात गेल्या की तिथल्या कचरापेटीत टाकून येत. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलेली, आता घरीच मुलींच्या ट्यूशन घेणारी बाई, पण अंड्यासाठी ही चोरी.

एकदा रमाकांतरावांनी बायकोला मदत म्हणून ते पाकीट सोसायटीच्या खालच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकलं. कुत्र्यानं ते फाडलं आणि संध्याकाळी सोसायटीचे अध्यक्ष इंदुभाई दारात उभे राहिले.

"अहल्याबेन, तमे तो टीचर! आता ट्यूशनपण बंद करा. फ्लॅटमध्ये क्लास नियमात नाही."

"तुमची नात इथे शिकून गेली, तेव्हा नियम झोपला होता का?"

ते गेल्यावर रमाकांतराव म्हणाले, "माफी माग नि मोकळी हो. या वयात भांडणं कशाला?"

बारावीच्या मुलींचा नेमका प्रजननाचा धडा राहिला होता. शाळेत 'घरी वाचा' म्हणून तो सोडून दिलेला. दुसऱ्या दिवशी अहल्याताईंनी नाक्यावरून एक अंडं आणलं, पिशवीत न घालता, हातात धरून, इंदुभाईंच्या बाकड्यासमोरून. दार सताड उघडं ठेवलं. मुली बसल्या तसं स्टीलच्या ताटलीत अंडं फोडलं.

"हा पिवळा बलक म्हणजे एकच अंडपेशी. पिल्लू कवचातच वाढणार, म्हणून सगळी शिदोरी सोबत. बेडकीच्या अंड्यात बलक कमी. ती पाण्यात अंडी घालते, फलनही पाण्यातच. आणि आपलं?"

"सुईच्या टोकाएवढं," मोहना म्हणाली.

"शिदोरी जवळजवळ नाहीच. ती आई पुरवते, नाळेतून. फलन गर्भनलिकेत होतं. शुक्रपेशी निघतात कोट्यवधी, शिरते एक. ती शिरली की अंडपेशीचं आवरण कडक होतं. बाकीच्यांना प्रवेश बंद."

"म्हणजे तिच्या सोसायटीचे नियम तीच करते!" मागून एक जण म्हणाली.

मुली खिदळल्या, आणि दारातून आवाज आला, "बेन, छोकरीओ सामे, पोरींच्या समोर जीव फोडला?"

"कोंबड्याशिवाय घातलेलं अंडं आहे, इंदुभाई. फलनच नाही, तर पिल्लू कुठलं? या, बसा. मुलगा की मुलगी हे बापाच्या पेशीवर ठरतं, तेच आता सांगणार आहे. तुमच्या सुनेला उगाच बोल लावता तुम्ही."

इंदुभाईंचा चेहरा उतरला. "रविवारी मीटिंग बोलावतो!"

"बोलवा. फळा घेऊन येते."

चपला आपटत ते जिना उतरले. मोहनानं हळूच विचारलं, "ताई, उद्या येऊ ना?"

"याच वेळी. सगळ्या जणी."

मुली गेल्यावर त्यांनी खिडक्या उघडल्या आणि त्याच अंड्याचं आमलेट टाकलं. टरफलं नवऱ्याच्या तळहातावर ठेवली.

"खालच्या डब्यात."

रमाकांतराव सवयीनं पाकीट शोधू लागले.

"पाकीट नको," त्या म्हणाल्या. "अशीच न्या."

त्यांनी एकदा बायकोकडे बघितलं, आणि मूठ न मिटता जिना उतरले.