मेलबॉक्सपाशी संपणारी शर्यत

घर घेताना एजंटबाईने आम्हाला शाळा दाखवल्या, शिकागोला जाणाऱ्या गाडीचं स्टेशन दाखवलं, किचनमधल्या ग्रॅनाइटवरून तर दोनदा हात फिरवून दाखवला. आमच्या दारातल्या मेलबॉक्सपाशी एकेकाळी शर्यत संपायची, हे मात्र सांगितलं नाही. तिलाही ठाऊक नसणार. नेपरव्हिलमध्ये जुनं कोणालाच काही ठाऊक नसतं. कुठल्या दुकानात कडीपत्ता ताजा आलाय, एवढं सगळ्यांना माहीत असतं.

मला ते कळलं शेजारच्या आजोबांमुळे. पहिल्याच उन्हाळ्यात हे आजोबा रोज संध्याकाळी आमच्या मेलबॉक्सशी येऊन उभे राहायचे आणि रस्त्याकडे टक लावून बघायचे. मला वाटलं, आमची पत्रं चोरतायत. पत्रं म्हणजे काय, पिझ्झ्याची कुपनं. ने बाबा, सगळी ने. तरी मी नवऱ्याला चौकशीला पाठवलं. पाच मिनिटांत येतो म्हणून गेलेला माणूस अंधार पडायला परत आला, आणि चेहरा असा की जणू लॉटरी लागली.

"अगं, फिनिश लाइन आहे म्हणे इथे," तो म्हणाला. "आपल्या मेलबॉक्सपाशी."

तर झालं असं होतं, की आमची वसाहत व्हायच्या आधी इथे मक्याची शेतं होती आणि त्यांच्यामधून हा एकच सरळसोट रस्ता. गावातल्या पोरांनी क्लब काढला होता. भंगारात निघालेली जुनी गाडी आणायची, तिचं बॉनेट काढून फेकायचं, आत तिला न पेलणारं इंजिन बसवायचं, बूड जमिनीला टेकेल इतकं खाली आणायचं, आणि शनिवारी दोघादोघांनी या रस्त्यावर सुसाट सुटायचं. हे हॉट रॉड. माझ्या आईच्या भाषेत, सुखाचा जीव दुःखात घालणं. जिथे ही पोरं शंभरच्या वेगाने गेली, तिथे आता पंचवीसची पाटी आहे आणि माझा नवरा बावीसने जातो.

क्लब अजून आहे. म्हणजे पाच म्हातारे आहेत आणि पाच गाड्या आहेत. दर रविवारी सकाळी डोनटच्या दुकानाबाहेर ते जमतात, एकाच्या गाडीचं इंजिन उघडतात आणि भोवती गंभीर चेहऱ्याने उभे राहतात, जणू आत कोणी बाळंत होणार आहे. अंगात क्लबची जुनी जाकिटं, ज्यांची बटणं आता पोटावर लागत नाहीत. माझा नवराही जायला लागला. आमच्याकडे सात वर्षांची, ऑटोमॅटिक, राखाडी रंगाची गाडी आहे. तिचं बॉनेट त्याने आजवर फक्त वॉशरचं पाणी भरायला उघडलंय, पण तिथे तोही कंबरेवर हात ठेवून उभा राहायचा.

या क्लबचा नियम एकच होता. समोरच्याची गाडी बंद पडली तर आपण रेघ ओलांडायची नाही. थांबायचं, मागे जायचं, पुन्हा सुरुवात करायची. बंद पडलेल्या गाडीपुढे जाण्यात कसली मर्दुमकी? आणि हा एकमेव नियम मोडला होता आजोबांच्या सगळ्यात जवळच्या मित्राने, लाल गाडीवाल्याने. शेवटच्या शर्यतीत आजोबांची गाडी आमच्या मेलबॉक्सच्या चार हात आधी बंद पडली आणि लाल गाडी रेघेवरून भुर्रकन निघून गेली. पुढे क्लबातली पोरं लग्नं करून कामाधंद्याला लागली, रस्त्यावर घरं आली, शर्यत पुन्हा झालीच नाही.

लाल गाडीवाल्याचं म्हणणं, "माझे ब्रेक लागले नाहीत." आजोबांचं म्हणणं, "लावलेच नाहीस." हे दोघे एकमेकांच्या लग्नात पाठराखे होते, एकमेकांच्या बायकांच्या अंत्यविधीला खांद्याला खांदा लावून उभे होते. पण ब्रेकचा विषय निघाला की दोन शेजारणींनी नळावर भांडावं तसे भांडायचे. बरं, विषय निघायला कारण लागत नसे. डोनट पुरत होता.

मग आजोबांची नजर गेली. म्हणजे अगदी आंधळे नव्हेत, कडेकडेचं दिसतं, पण समोर बघायला गेलं की मधोमध करडा डाग. लायसन्स गेलं. गाडी गॅरेजमध्ये चादरीखाली गेली. ॲरिझोनातल्या मुलाने फोनवरून गिऱ्हाईकही शोधलं. ट्रक सोमवारी येऊन गाडी नेणार होता. आदल्या आठवड्यात आजोबा आमच्याकडे आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच किचनमध्ये बसले. मी आल्याचा चहा दिला, तो त्यांनी औषधासारखा घोट घोट घेतला. आमचं बोलणं अर्थात इंग्रजीत, पण मला ते आठवतं मराठीतच.

"रविवारी क्लबची वार्षिक फेरी आहे," ते म्हणाले. "आपल्या रस्त्यावरून. मला माझ्या गाडीतून ती रेघ एकदा ओलांडायची आहे. तो शेजारी असताना. त्या दिवशी मी ओलांडलीच नाही ना. तेवढीच राहिलीय."

चेष्टा करायला एरवी मला काहीही पुरतं. तेव्हा मी नुसता त्यांच्या कपात आणखी चहा ओतला.

अडचण अशी, की क्लबातले बाकीचे चौघे आपापल्या गाडीत असणार, म्हणून यांच्यासाठी बाहेरचा ड्रायव्हर हवा. आणि गाडी महायुद्धाच्या काळातली, गिअरचा दांडा खाली जमिनीत नाही तर स्टिअरिंगच्या कडेला. असली गाडी चालवणारा माणूस आजच्या अमेरिकेत शोधायचा म्हणजे संग्रहालयात जायला हवं. नवरा म्हणाला, मी मॅन्युअल वाचून शिकेन. त्याने आमचं डिशवॉशरही मॅन्युअल वाचूनच बसवलं होतं. किचनमधली फरशी त्यानंतर बदलावी लागली.

"मी चालवते," मी म्हणाले.

दोघेही माझ्याकडे बघायला लागले. आजोबा जरा तिरके होऊन, कडेच्या नजरेने.

साताऱ्याला बाबांकडे असली गाडी होती. मुंबईत जी टॅक्सी म्हणून धावायची तीच जात, दांडा स्टिअरिंगला. बाबांनी मला ती शिकवली यवतेश्वरच्या घाटात, कारण मैदानात काय कोणीही शिकेल, असं त्यांचं शिक्षणशास्त्र. एका बाजूला दरी, समोरून एसटी, आणि शेजारी बाबा: "क्लच सोड. अगं क्लच सोड. आमच्या जिवावर उठलीस का?" घाटात जे शिकलं ते हाडात मुरतं. ते किती मुरलंय याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

आता आमची असोसिएशन. घरमालकांची ही संघटना गवताची उंची मोजते, गॅरेजच्या दाराचा रंग ठरवते. आमच्या आकाशकंदिलाला तिने 'मुदतबाह्य हंगामी सजावट' म्हणून नोटीस काढली होती. तिच्या अध्यक्षीणबाईंनी फेरीला परवानगी दिली, पण अटींवर. वेग पंधराच्या आत. इंजिनाचा विनाकारण आवाज नाही. आणि स्टॉपच्या पाटीशी पूर्ण थांबायचं. ही पाटी त्यांनी दोन वर्षांपूर्वी रोवली होती, कुठे, तर माझ्या मेलबॉक्सच्या चार हात आधी. शर्यत जिथे अडली होती बरोब्बर तिथेच. बाईंना इतिहासाची एवढी जाण असेल असं वाटलं नव्हतं.

शाळेच्या रिकाम्या पार्किंगमध्ये सराव केला. बाबांच्या गाडीत दांडा आपल्याकडे ओढून वर केला की पहिला गिअर. या गाडीत आपल्याकडे ओढून खाली केला की पहिला, आणि वर केला तर रिव्हर्स. एवढाच फरक. आजोबा शेजारी बसून "खाली, खाली" म्हणत होते आणि मी व्यवस्थित खाली करत होते. नवऱ्याने तरीही तीन रंगांत आकृती काढली, बाण दाखवले आणि काचेखाली चिकटवून दिली. इंजिनिअर माणसाचं प्रेम असंच असतं.

रविवारी सकाळी अख्खी गल्ली घडीच्या खुर्च्या आणि कॉफी घेऊन बाहेर बसली. क्लबच्या एकाने मेलबॉक्सपासून रस्त्याच्या पलीकडल्या कडेपर्यंत खडूने रेघ ओढली. मला नारळ फोडायचा होता, पण तो हंगामी सजावटीत धरतात की कचऱ्यात, ते कळेना, म्हणून राहिला. आजोबा जाकीट घालून, केस चापून बसवून माझ्या शेजारी बसले. बाजूला लाल गाडी येऊन उभी राहिली. लाल गाडीवाल्याने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

निघालो. पहिला गिअर, खाली, अगदी सुरेख. पंधराच्या आत म्हणजे काय वेग असतो ते सांगते. बाबागाडी ढकलत पळणारी एक आई फुटपाथवरून आमच्या बरोबरीने येत होती आणि थोडी पुढेच होती.

"तो कुठाय?" आजोबांनी विचारलं.

"शेजारीच."

"पुढे का मागे?"

"बरोबरीने."

त्यांनी मान हलवली आणि दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ठेवले. शर्यतीतला माणूस इतक्या हळू जाताना इतका घाबरलेला मी पाहिला नव्हता.

स्टॉपची पाटी आली. दोन्ही गाड्या पूर्ण थांबल्या. पलीकडे अध्यक्षीणबाई पुरावा म्हणून फोनवर शूटिंग करत होत्या. पुढे चार हातांवर खडूची रेघ. सगळी गल्ली गप्प. आणि त्या शांततेत मला, देवाशपथ, यवतेश्वरचा घाट दिसला, बाबांचा आवाज ऐकू आला, आणि माझ्या हाताने दांडा आपल्याकडे ओढून झोकात वर केला.

गाडी बुडाला चटका बसल्यासारखी मागे उसळली. आमचाच रिसायकलिंगचा डबा आडवा झाला, दुधाचे रिकामे कॅन रस्ताभर गडगडत गेले, गाडीने दोन आचके दिले आणि बंद पडली. मी दांडा न्यूट्रलला आणून किल्ली फिरवली. नुसती घरघर. पुन्हा फिरवली. पेट्रोलचा भपकारा आला. तीन रंगांतली आकृती निघून माझ्या मांडीवर पडली.

"बंद पडली?" आजोबांनी विचारलं.

"हो. माझ्यामुळे. माझा हात चुकला."

ते समोर, त्या करड्या डागाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "गेला का तो?"

मी बघितलं. लाल गाडी स्टॉपवरून निघाली होती. रेघेपाशी पोचली होती. पण तिचे मागचे दिवे लाल पेटलेले होते आणि पुढची चाकं रेघेच्या वीतभर अलीकडे होती. मग इंजिनाचा आवाजही थांबला. दार उघडलं. लाल गाडीवाले काठी टेकत खाली उतरले. गुडघा नुकताच बदललेला, त्यामुळे एकेक पाऊल टाकायला एवढा वेळ, की आता हा माणूस माझ्या खिडकीशी येऊन काय काय ऐकवणार याची मी मनात पूर्ण यादी केली. ते खिडकीवरून तसेच मागे गेले. माझा नवरा मदतीला धावला, त्याला त्यांनी काठीनेच बाजूला केलं आणि काठी त्याच्या हातात देऊन टाकली.

गाडी हलली. पुढे.

"कोण ढकलतंय?" आजोबांनी विचारलं.

मी सांगितलं.

आरशात मला लाल गाडीवाल्याचं टक्कल दिसत होतं, आणि मागून धावत आलेले क्लबचे बाकीचे तिघे. अध्यक्षीणबाईंनी फोन खाली केला होता. पाटी मागे गेली. लाल गाडी बाजूला उभी होती, रिकामी.

"कोण पुढे आहे?"

"तुम्ही," मी म्हणाले.

पुढची चाकं खडूवरून गेली. मग मागची. मला रडू आलं, आणि मी काही मुळूमुळू रडणाऱ्यांतली नाही, चांगली नाक ओढत रडले.

"बास म्हणावं त्याला," आजोबा म्हणाले. "गुडघ्याचं ऑपरेशन झालंय त्याचं."

मी हँडब्रेक ओढला. लाल गाडीवाले धापा टाकत पुढे आले आणि आजोबांच्या खिडकीच्या चौकटीला धरून उभे राहिले. दोघांनाही बोलायला दम नव्हता, एकाला ढकलून आणि एकाला न ढकलता. शेवटी आजोबांनी मान जरा वळवली, मित्र कडेच्या नजरेत नीट बसेल इतकी.

"लागले वाटतं ब्रेक," ते म्हणाले.

"तेव्हाही लागले असते," लाल गाडीवाले म्हणाले. "लावलेच नव्हते."

आजोबांनी खिडकीतून हात बाहेर काढला. तो थोडा चुकीच्या बाजूला गेला, तर लाल गाडीवाल्याने एक पाऊल सरकून तो धरला.