उपाशी पट्टा

“आणि याला?”

युरियाचं घमेलं कमरेवर घेऊन राखणदार बाबा पहिल्या पट्ट्यापाशी थांबायचे आणि दर वेळी हेच विचारायचे. मी म्हणायचो, “याला काही नाही.” त्यांचा चेहरा उतरायचा. इतकी वर्षं झाली, पण कुठे हिरवंगार गवत दिसलं की अजून तो प्रश्न ऐकू येतो आणि बाबांची फार आठवण येते.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. इगतपुरीजवळच्या एका गायरानात आमच्या खात्याचा प्रयोग होता. युरिया दिला तर चराईचं गवत किती वाढतं, ते पाहायचं. चार पट्टे आखले होते. तिघांना कमीजास्त युरिया, उताराच्या तळाशी असलेल्या पहिल्याला मुळीच नाही, म्हणजे तुलना करता येईल. मी नवाकोरा कृषी सहायक, राग कायम नाकावर. बाबा राखणदार. जन्मभर गुरं वळलेला माणूस, गवताची काडी दातात धरून गाईला ती आवडेल की नाही ते सांगायचे.

“चौघांना एका पंगतीत बसवलं ना, साहेब? मग एकाच्याच पानात काय नाय?”

“बाबा, हा प्रयोग आहे.”

“आसंल. पण बरं दिसत नाय.”

मी हसलो आणि विसरून गेलो.

दुसऱ्या पावसाळ्यात पहिला पट्टा काळसर हिरवा दिसायला लागला. त्यातला रानमुगाचा वेलही वाढलेल्या गवताखाली दबून विरळ झाला, युरियाच्या पट्ट्यांत झाला होता अगदी तसा. मला वाटलं, वरचा युरिया पाण्याबरोबर खाली उतरतोय. आम्ही दोघांनी दिवसभर खपून मध्ये चर खोदला. बाबांनी माझ्यापेक्षा जास्त खोदला, वर मला प्यायला पाणी आणून दिलं. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नाही.

पंधरा दिवसांनी मी न सांगता गेलो. बाबा पहिल्या पट्ट्यात गोण्या झटकत होते. रिकाम्या म्हणायच्या, पण तळाशी दोन-दोन मुठी मुद्दाम राखलेल्या.

मी नको नको ते बोललो. “माझी दोन वर्षं मातीत घातलीत तुम्ही.” माझ्या वडिलांहून मोठा माणूस, खाली मान घालून ऐकत होता. शेवटी एवढंच म्हणाले, “उपाशी व्हता, साहेब.” गोण्यांची नीट घडी घालून माझ्या हातात दिली आणि गेले. परत आलेच नाहीत. मी बोलवायलाही गेलो नाही. माझा ताठा, दुसरं काय.

नवा राखणदार आला. पहिला पट्टा पिवळा पडला, अहवाल हवा तसा झाला, माझ्या वरच्या साहेबांनी पाठ थोपटली. मग कुठे मी पेढे घेऊन बाबांच्या घरी गेलो. त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

“मामंजी लय इचारायचे,” सून म्हणाली. “पहिल्या पट्ट्याला कोन काय घालतं का म्हणून.”

“घालतो ना,” मी म्हणालो. खोटं बोललो.

परतताना गायरानात गेलो. तिथल्या सामानाच्या खोलीत युरियाची अर्धी गोणी उरली होती. ती सगळी पहिल्या पट्ट्यात पसरली, उलटी करून कोपरेसुद्धा झटकले. मग बाबांसारखी तिची घडी घातली आणि द्यायला हात पुढे केला. घ्यायला कोणी नव्हतं.