फक्त मांडणी

ऑफिसात त्यांना सगळे कंसमामा म्हणत. प्रोग्रॅममधला कंस ओळीच्या शेवटी हवा की खाली नव्या ओळीवर, एवढ्यावरून माणूस तीन आठवडे भांडला, मग दुसरं काय म्हणणार? आम्ही औषधाच्या पंपाचा प्रोग्रॅम लिहायचो. नळीतून थेंब थेंब औषध शिरेत सोडणारा पंप. कुणीही बदल पाठवला की मामा पडद्याला फूटपट्टी लावून ओळ न् ओळ वाचायचे आणि चाळीस शेरे मारून परत धाडायचे. ‘इथे जागा जास्त सुटली.’ माझं तर डोकंच फिरायचं!

शेवटी साहेबांनी बजावलं, शुक्रवारपर्यंत काय ते एक ठरवा. मामा नमले. म्हणाले, “चला, तुमचंच खरं. कंस ओळीच्या शेवटी.”

सगळ्या प्रोग्रॅमची मांडणी बदलायचं काम माझ्याकडे आलं. अकरा हजार ओळी, वर शीर्षक ‘फक्त मांडणी’. असा बदल कुणी ओळ न् ओळ वाचत नाही, हा आमचाच नियम. पण हात शिवशिवतात ना मेले! नळीत हवा शिरली का, ही तपासणी मला दोनदा लिहिलेली दिसली. सारखीच दोनदा कशाला? जाता जाता एक उडवली.

मामांनी फूटपट्टी उचलली, परत खाली ठेवली. “फक्त मांडणीच ना गं?”

“हो मामा! आता तरी विश्वास ठेवा.”

त्यांनी मंजुरी दिली. लिफ्टपाशी सहज म्हणाले, “आमच्या हिच्या उशाशी हाच पंप आहे, चार वर्षं झाली. म्हणून वाचत बसतो, बाकी काही नाही.”

मला ती उडवलेली तपासणी आठवली. पण सांगितलं तर पुन्हा फूटपट्टी, पुन्हा तीन आठवडे. मी लिफ्टचं बटण दाबलं. रविवारी नवा प्रोग्रॅम सगळ्या पंपांत आपोआप उतरला.

सोमवारी सकाळी राहवेना, म्हणून जुन्या ओळी उघडल्या. तपासण्या सारख्या नव्हत्याच. पहिली नुसती नोंद करायची. हवा शिरेत जाण्याआधी गजर वाजवायची ती दुसरी, आणि तीच मी उडवली होती. मामा अजून ऑफिसात आले नव्हते, त्यांना घरी फोन लावला.

“अगं, तुमचं नवं काम झकास हं!” मामा खुशीत होते. “रोज पहाटेपासून पंप टीं टीं करून जीव खायचा. आज हूं नाही की चूं नाही. दहा वाजले तरी ही गाढ झोपलीये. उठवलंच नाही मी.”

“मामा, आत जा. आत्ताच्या आत्ता आत जा!”

फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज आला, मग दाराचा. मग ते तिला हाका मारू लागले. आधी हळू, मग मोठ्याने.