वऱ्हाडातून वऱ्हाडासाठी

तुमच्या बहिणीच्या लग्नपत्रिका सरकारने कधी हद्दपार केल्या आहेत का? आमच्या ताईच्या केल्या.

ताईला वाटूरच्या घरात द्यायचं ठरलं होतं. तिच्या सासऱ्यांची एकच अट होती. "छापील पत्रिका हाती पडल्याबिगर आमचं वऱ्हाड जागचं हालणार न्हाई!" पत्रिकांचं काम मी अंगावर घेतलं. निजामाच्या मुलखात छपाईसाठी मजकूर आधी सरकारी अंमलदाराला दाखवावा लागे, आणि ते मला तत्त्वतः मान्य नव्हतं. म्हणून मी पत्रिका इंग्रजी हद्दीत, वऱ्हाडातल्या चिखलीला छापून घेतल्या. (मजकूरही माझाच! त्यातले 'आपले नम्र' हे दोन शब्द मी बाणेदारपणे काढून टाकले होते.)

गठ्ठा घेऊन मी आणि मामा बैलगाडीने निघालो. हद्दीवर करोडगिरीचा नाका होता. बाहेरून येणाऱ्या मालाची तिथे नोंद होई आणि त्यावर जकात बसे.

"घरचं सामान हाय म्हण. सोडतेत," मामा म्हणाला.

"मामा, कागद हा माल आहे! आपण नोंदणी करूनच नेणार!"

"कर बाबा," म्हणून मामा बैलांना पाणी दाखवायला गेला. तिथेच घात झाला.

नाक्यावरच्या मुन्शींनी लेखणी उचलली. "माल?"

"छापील कागद."

"कहां से?"

"वऱ्हाडातून!"

"किसके वास्ते?"

"वऱ्हाडासाठी!"

लेखणी थांबली. "वऱ्हाड का माल, वऱ्हाड के वास्ते? तो इकडं कायको आणला, मियां?"

"कारण वऱ्हाडच इकडं येऊन राह्यलंय!"

"पूरा वऱ्हाड?"

"बिलकुल! बायकापोरांसकट! गाड्या भरून!"

मुन्शींचा चेहरा उतरला. (नवऱ्याकडच्या मंडळींना वऱ्हाड म्हणतात, हे त्या भल्या माणसाला कुणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या डोळ्यांपुढे बुलढाण्यापासून अमरावतीपर्यंतचा अख्खा मुलूख गाड्या जुंपत होता!) त्यांनी मराठी वाचणाऱ्या शिपायाला हाक मारली आणि एक पत्रिका उघडून त्याच्या हाती दिली. शिपाई खणखणीत आवाजात वाचू लागला :

"बंधूंनो, दिवस ठरला! एकजुटीने या! आता माघार नाही!"

बाहेर मामाच्या हातची बादली पडली. तो धावत आत आला. "साहेब, लगीन हाय! शादी! माझ्या भाचीची शादी!"

"शादी?" मुन्शींनी कपाळाला हात लावला. "तो ये जंग का ऐलान किसने लिखा?"

मी मान ताठ ठेवली. मामाने नुसतं माझ्याकडे बोट दाखवलं.

पण नोंद होऊन गेली होती : माल वऱ्हाडातून, वऱ्हाडासाठी. "लिखा सो लिखा," मुन्शी म्हणाले आणि त्यांनी गठ्ठा परत चिखलीला रवाना केला.

"आता ताईला काय सांगशील?" मामाने विचारलं.

"पत्रिका गेल्या, तोंड नाही गेलं!"

तडक वाटूर गाठलं. ताईच्या सासऱ्यांच्या ओट्यासमोर उभा राहून सगळी पत्रिका मी तोंडपाठ म्हटली, मुठी आवळून! शेजाऱ्यांनी पोरं घरात ओढली.

"आन् छापील कुठाय?" सासऱ्यांनी विचारलं. मी घडलं ते सांगितलं. हसता हसता त्यांचं पागोटं सुटलं. "सरकारनं आम्हाला अख्खा मुलूख समजलं? मंग तर यायलाच पाहिजे!"

आणि आले! हसनाबादला आमच्या मांडवाशी गाडीतून उतरताच गरजले, "वऱ्हाड आलंय! नोंदवून घ्या!"

तेव्हा वाचकहो, एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी चिखलीला गेलं, तर छापखान्यात पडलेला तो गठ्ठा घेऊन या. धाकटीचं लग्न ठरत आलंय. नावं तेवढी खोडू, पण मजकूर एका अक्षरानेही बदलणार नाही! फक्त नाक्यावर "किसके वास्ते?" असं विचारलं, तर मामाला बोलू द्या.