ताटातली हिमनदी

मुलांनो, बाळाच्या नावावरून तुमच्याकडे वाद चाललाय, असं फोनवर कळलं. त्यावरून मला आमच्या भूगोलाच्या बाई आठवल्या. म्हणून आज लिहायला बसले.

तांदूळ पसरलेलं ताट बाई हळूहळू तिरकं करायच्या. बराच वेळ काही हलायचं नाही. मग तो पांढरा थर एकदम खाली सरकायचा. "ही हिमनदी," बाई म्हणायच्या. साठ सालाच्या आसपासची, शहाद्याच्या शाळेतली ही गोष्ट.

"बाई, बरफ कसा काय चालस?" कळसाडीच्या एका मुलीनं विचारलं.

बाईंनी खिडकीतून सातपुडा दाखवला. "तापीपासून त्या डोंगरांपर्यंत सगळं बर्फानं भरलंय असं समजा. शेतं नाहीत, गावं नाहीत. फक्त शिखरांची टोकं वर. आणि एवढा सगळा बर्फ समुद्राकडे निघालाय, दिवसाला जेमतेम हातभर. बघायला माणूस नाही."

त्या दिवसानंतर मला सातपुडा पूर्वीसारखा दिसलाच नाही.

दक्षिण ध्रुवाजवळच्या डोंगररांगांत तेव्हा नकाशावर नवी नवी नावं चढत होती. एका हिमनदीला कुण्या साहेबाचं नाव दिलेलं, आणि त्यानं ती पाहिलीही नव्हती. बाईंना ते फार लागायचं. "आधी नीट बघा, मग नाव द्या," त्या म्हणायच्या. लग्नात त्यांचंही नाव बदललं होतं. आधीचं काय होतं, असं विचारलं की बाई फळा पुसू लागायच्या.

पुढे माझं लग्न ठरलं. सासरच्या आत्याबाईंनी मला न पाहताच 'सुनंदा' हे नवं नाव ठरवून टाकलं. माझं तापी हे नाव आजीनं नदीवरून ठेवलेलं. ते जाणार म्हणून मी रडले, ते फक्त बाईंपाशी.

लग्नात तांदळाचं ताट आलं. तुमच्या आजोबांनी अंगठीनं 'सु' काढला. ताट धरायला बाई पुढे झाल्या होत्या. त्यांनी ते हळूच तिरकं केलं. अक्षर तांदळाखाली गेलं.

"ओ मास्तरीणबाई, हाई काय करी ऱ्हायनात?" आत्याबाई कडाडल्या.

"हिमनदी," बाई म्हणाल्या आणि आजोबांकडे वळल्या. "जावईबापू, आधी नीट बघा, मग नाव द्या."

आजोबांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. "तुमचं काय म्हणणं?"

"तापी," मी म्हणाले.

त्यांनी तेच लिहिलं.

बाईंना जाऊन खूप वर्षं झाली. त्या हिमनदीला अजून त्या साहेबाचंच नाव आहे. बाईंचं माहेरचं नाव आता कुणालाच ठाऊक नाही. माझं तापीच आहे.