ड्रॅगनची सुट्टी

स्वतःचा शोध घ्यायला माणसाला डोंगरावरच का पाठवतात, हे मला कुणीतरी एकदा नीट समजावून सांगावं. मुंबईत आमच्या करी रोडला काय स्वतःचा पत्ता लागत नाही?

हा प्रश्न मला पडला तो एका प्रकाशन कंपनीच्या काचेच्या केबिनमध्ये. समोर तिशीही न गाठलेला संपादक आणि त्याच्या पुढ्यात माझ्या कॉमिकची पानं. नोकरी सांभाळून तीन वर्षं मी ती काढत होते. वाफेवर चालणारं शहर, पितळेचे नळ, दातेरी चाकं, आभाळात जहाजं. या प्रकाराला स्टीमपंक म्हणतात. शहराच्या मधोमध कापडाची गिरणी आणि तिच्या तळघरात साखळीने बांधलेला ड्रॅगन. त्याच्या तोंडच्या आगीवर बॉयलर तापतो. यंत्रांना तेल घालणारी एक पोरगी ही माझी नायिका.

एक्केचाळिसाव्या पानावर खंडेनवमी येते. वर्षातून त्या एकाच दिवशी गिरणीतली आग विझवतात आणि यंत्रं पुसून त्यांची पूजा करतात. पोरगी ड्रॅगनच्या गळ्यात झेंडूची माळ घालते, त्याच्या अंगावरची काजळी पुसते. पुसलेल्या खवल्यात तिला आपला चेहरा दिसतो. जन्मभर खाली मान घालून तेल घालणाऱ्या तिला तिथे उमगतं की या गिरणीचा एकूण एक व्हॉल्व्ह आपल्याला तोंडपाठ आहे. गिरणी चालते ती आपल्यामुळे, आणि ड्रॅगनला सोडवायचं तेही आपल्यालाच जमणार आहे.

संपादक म्हणाला, "मॅडम, आर्ट एकदम टॉप आहे. पण हे पान नाही चालणार. झेंडू, पूजा, फार लोकल होतं हो. आणि हिची जर्नी कुठे आहे? ही गिरणीतच बसून राहते. हिला डोंगरावर पाठवा ना. तिथे कोणीतरी म्हातारा सांगेल की ती राजघराण्यातली आहे, तिच्या अंगात ड्रॅगनचं रक्त आहे. तेव्हा तिला स्वतःची ओळख पटेल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे तेल घालणारीला स्वतःची ओळख पटायची, तर आधी ती तेल घालणारी नसायलाच हवी! राजाची पोर निघाली तरच तिच्यात काहीतरी आहे, एरवी नुसती कामवाली. आणि हे तो कुठे बसून सांगत होता? ज्या आवारात माझ्या बाबांनी सव्वीस वर्षं चार साचे, म्हणजे चार माग, चालवले त्याच आवारात. गिरणी पाडली, धुराडं तेवढं शोभेला ठेवलं. त्याच्या टेबलावर पेपरवेट होता तोसुद्धा गिरणीतला सूत गुंडाळायचा जुना लाकडी बॉबिन. आमचा बॉबिन त्याच्या टेबलावर लोकल होत नाही, आमचा झेंडू मात्र माझ्या पानावर होतो.

हे सगळं मी त्याला तोंडावर सांगायला हवं होतं. मी काय म्हणाले? "बघते."

"मंगळवारी संध्याकाळी सहापर्यंत द्या," तो म्हणाला. पान बदललं तर पुस्तक निघणार, नाहीतर नाही.

मंगळवारी मी रजा टाकली. अंघोळ करून आले तर टेबल रिकामं. माझा चित्रं काढायचा टॅबलेट देव्हाऱ्यासमोर पाटावर होता. त्याच्या काचेवर हळदकुंकू, अक्षता आणि वर झेंडूचं एक फूल. शेजारी बाबांचा धोटा. गिरणी बंद पडली तेव्हा मागावर आडवं सूत नेणारा तेवढा एक धोटा ते घरी घेऊन आले होते, आणि दरवर्षी त्याची पूजा होते. त्या दिवशी खंडेनवमी होती, आणि ते माझ्या ध्यानातच नव्हतं. खंडेनवमीवर अख्खं पान काढणाऱ्या माझ्या!

"बाबा, टॅबलेट द्या. अर्जंट काम आहे."

बाबा पेपर वाचत होते. मान वर न करता म्हणाले, "आज हत्याराक हात लावूचो नाय."

"गिरणी बंद पडून जमाना झाला. आता कोण पाळतं हे?"

"मी पाळतंय."

मी चिडले. मला सहा वाजता पान द्यायचंय, नाही दिलं तर तीन वर्षं पाण्यात जातील, तुम्हाला काय त्याचं, असं बरंच काही बोलले. त्यांनी पेपर खाली ठेवला.

"कसला पान?"

त्यांना पान माहीत होतं. साच्यांना माळा कशा घालायचे, ते त्यांनीच मला सांगितलं होतं. माझ्या बॉयलरचा एक व्हॉल्व्ह चुकीच्या बाजूला होता, तोही त्यांनीच दाखवला होता.

"ते झेंडूचं," मी म्हटलं. "ते काढून टाकायला सांगितलंय."

मी पाटापाशी वाकले आणि टॅबलेटवरचं फूल उचललं. बोटांना हळद लागली. त्यांनी मला अडवलं नाही. फक्त विचारलं, "मगे तुझ्या त्या जनावराक सुट्टी कधी?"

मी फूल हातात धरून तशीच राहिले. मग ते होतं तिथे ठेवलं आणि संपादकाला फोन लावला.

"आज काम होणार नाही. आमच्याकडे हत्यारांना सुट्टी असते."

"ओके, मग उद्या?"

"उद्याही नाही. पान आहे तसंच राहील. ती पोरगी डोंगरावर जाणार नाही."

तो अगदी सभ्यपणे म्हणाला की असं असेल तर त्यांना पुढे जाता येणार नाही.

पुस्तक अजून निघालेलं नाही. पानं माझ्या खणात आहेत, दुसऱ्या कुणाला तरी दाखवीन. त्या संपादकाचा मला अजूनही राग येतो. पण लोका सांगे ब्रह्मज्ञान, तशातली गत माझीच झाली होती, आणि स्वतःवरचा तो राग जास्त टिकला आहे. त्याने नुसतं पान मागितलं होतं. फूल मी उचललं होतं.